व्हीटी भिंतीवर लावायची तर

अठ्ठावीस वर्षं डोंबिवलीहून व्हीटीला नोकरी केली, पण इमारतीकडे मान वर करून पाहिलं ते निवृत्त झाल्यावर. (व्हीटी म्हणजे मुंबईचं जुनं व्हिक्टोरिया टर्मिनस स्टेशन. आता सीएसएमटी, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणायला हवं, पण जिभेला वळण नाही.) आता हॉलमध्ये तिचे तीन फोटो आहेत आणि आलेला प्रत्येकजण ‘कसे काढले?’ विचारतो, म्हणून एकदाच लिहिते.

सकाळी जाऊ नका. दर्शनी बाजू पश्चिमेला आहे. सकाळी ऊन इमारतीच्या पाठीमागे, त्यामुळे दगड मरगळलेला दिसतो. हिवाळ्यात साडेचारनंतर तोच दगड मधासारखा होतो. रविवार बरा, निदान बसगाड्या कमी आड येतात.

अख्खी इमारत फोटोत कोंबायचा मोह होतोच. मीही अगदी खाली उभी राहून फोन वर वाकवला, तर घुमट मागे कलंडल्यासारखा आला. रस्ता ओलांडून महापालिका मुख्यालयाच्या फुटपाथवर या, कॅमेऱ्याची ग्रिड (स्क्रीनवरच्या उभ्या-आडव्या रेघा) चालू करा आणि फोन ताठ धरा. खाली नुसता रस्ताच येईल, तो नंतर कापता येतो. स्टेशनच्या आत ट्रायपॉड नेण्याच्या फंदात पडू नका.

पण खरं सांगू? भिंतीवर तुकडाच शोभतो. वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्सची ही इमारत १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं बांधली जात होती, आणि तिच्यावर कोरीवकाम किती! फाटकाच्या एका खांबावर इंग्लंडचा सिंह, दुसऱ्यावर आपला वाघ. दर्शनी भिंतीवर नाना शंकरशेटांचा दगडी चेहरा. घड्याळाखाली राणी व्हिक्टोरियाचा पुतळा होता, तिथे आता रिकामा कोनाडा. यासाठी २ किंवा ३ एक्स झूम वापरा आणि स्क्रीनवर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढा, म्हणजे कोरीवकामातल्या सावल्या टिकतात.

१२ बाय १८ इंचाच्या उत्तम प्रिंटला साधारण ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवू नका, तिथे तो दाबला जातो. पेनड्राइव्हच न्या. माझ्या पहिल्या प्रिंटला दुकानातल्या मशीनने आपणहून ‘सुधारलं’ आणि वाघ हळदीला बसल्यासारखा पिवळाधमक झाला. तेव्हापासून ‘ऑटो करेक्शन बंद ठेवा’ असं बजावते आणि आधी ४ बाय ६ची एक प्रत काढून ती बाहेर उन्हात बघते. कागद मॅटच घ्या. ग्लॉसीत ट्यूबलाइटच दिसते.

फ्रेमवाला म्हणाला, “ताई, माउंट कशाला? फोटो मोठा दिसेल की.” मी ऐकलं. एका पावसाळ्यात प्रिंट काचेला चिकटली, सोडवताना सिंहाचं नाक गेलं. माउंट म्हणजे फोटोभोवतीची ती जाड पुठ्ठ्याची चौकट. तिच्यामुळे काच आणि प्रिंट यांच्यात हवा राहते. दोन इंचांची घ्या.

बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर फ्रेम लावू नका. दुसरी जागाच नसेल तर मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बटणं चिकटवा, म्हणजे मागून वारा खेळतो. फ्रेमचा मध्य जमिनीपासून ५७-५८ इंचांवर ठेवा. आमच्याकडे हातोडी घेतलेला माणूस सहा फूट उंच, त्यामुळे फ्रेम वरच जात होती. शेवटी मीच पेन्सिलने खूण केली.

रिकाम्या कोनाड्याचा फोटो चपलांच्या कपाटावर लावलाय. “यात काय आहे?” असं विचारत पाहुणे एकच चप्पल काढून उभे राहतात.