लसीबद्दल बोलताना आधी तापाचं सांगा

नर्स म्हणून पहिल्या वर्षी मी घसा कोरडा पडेपर्यंत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात अशी यादी वाचायचे. बायका माना डोलवायच्या. दीड महिन्याचा डोस घेऊन गेलेली एक आई अडीच महिन्यांच्या डोसाला आलीच नाही. घरी गेले, तर सासूबाई दारातच म्हणाल्या, "हसतंखेळतं पोर नेलं आणि रात्रभर तापानं फणफणलं. आता नको." चूक माझी होती. ताप येऊ शकतो, हे मी सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून बोलणं तापापासूनच सुरू करते. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, दिल्यावर सुई टोचलेली जागा दुखते, सुजते, एक-दोन दिवस अंग तापतं. शरीर रोगाशी लढायची तालीम करतंय, असं सांगितलं की पटतं. मग आईला सांगते: अंगावर पाजत राहा, मांडी चोळू नका, त्यावर काही लावू नका. पॅरासिटामॉल किती द्यायचं ते बाळाच्या वजनावर ठरतं, त्यामुळे ते विचारूनच द्या. झटका आला, बाळ मलूल पडलं, दूध ओढेना किंवा तीन तास रडं थांबेना, तर मात्र लगेच दाखवायचं. लस दिल्यावर आईला अर्धा तास तिथेच बसवून घ्या. हे सगळं बोलायला तोच वेळ बरा.

बीसीजीचं, म्हणजे क्षयरोगावरच्या लसीचं, वेगळं सांगावं लागतं. दंडावर काही आठवड्यांनी फोड येतो, कधी फुटतो, मग वण राहतो. आया घाबरून पिळायला जातात. हात लावायचा नाही, आपोआप सुकतो.

रोगांपैकी मी एकट्या गोवराबद्दल सविस्तर बोलते. लस नसलेल्यांत एका रुग्णाकडून बारा ते अठरा जणांना तो होऊ शकतो, हे ऐकून बायका गप्प होतात. मग प्रश्न येतो, "एवढा वाईट आहे, तर नऊ महिने थांबायचं कशाला?" आईकडून मिळालेली ताकद तोवर बाळाच्या रक्तात असते आणि तीच लसीचा जोर कमी करते, म्हणून.

लसीकरणाचं कार्ड आईच्या नुसतं हातात देऊ नका. पुढच्या रिकाम्या चौकोनावर तिचं बोट ठेवा आणि विचारा, "आता कधी यायचं?" उत्तर तिच्या तोंडून आलं पाहिजे. घरात निर्णय सासूचा असेल, तर हेच सासूलाही विचारा. साध्या सर्दीखोकल्यात लस चालते, हेही सांगून ठेवा. कितीतरी डोस तेवढ्यासाठी चुकतात.

आणि उशिरा आलेल्या आईला रागावू नका. सुरुवातीला सांगितलेली ती आई परत आली तेव्हा बाळ पाच महिन्यांचं झालं होतं. पहिला डोस वाया गेला, असं तिला वाटत होतं. तसं नसतं, राहिला तिथूनच पुढे चालू करायचं. दुसरा दिला, तिसऱ्यासाठी चार आठवड्यांनी बोलावलं. त्या दिवशी कार्ड सासूबाईंच्या हातात होतं.