ऑफिसात थेरपी डॉग बोलवायचाय? आधी हे बघा

पहिली गोष्ट, कुणाच्या तरी घरचा गोड लॅब्रॅडॉर म्हणजे थेरपी डॉग नव्हे. लोकांचा ताण हलका व्हावा म्हणून आणलेला, अनोळखी माणसांच्या गराड्यात शांत राहायचं ट्रेनिंग झालेला कुत्रा आणि सोबत त्याचा हँडलर, म्हणजे त्याला सांभाळणारा माणूस, असं दोघांना मिळून बोलवायचं. रेबीजची लस, जंताचं औषध आणि पावसाळ्यात मुंबईकडे असाल तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस, हे सगळे कागद एचआरने आधीच मागून घ्यावेत, लाजू नये.

मग मेल टाकून विचारा कुणाला अ‍ॅलर्जी आहे, कुणाला भीती वाटते. काहींना धर्मामुळे नको असतं, तेही चालतंच, कारण विचारत बसू नका. कॅन्टीनपासून लांबची एक मीटिंग रूम घ्या, गुळगुळीत टाईल्सवर पाय घसरतात म्हणून चटई टाका, पाण्याचा वाडगा ठेवा.

एका वेळी चार-पाच जण, प्रत्येकी दहा मिनिटं पुरे. 2019 मध्ये वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात 10 मिनिटं कुत्र्यामांजरांना कुरवाळल्यावर विद्यार्थ्यांचं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, कमी झालेलं दिसलं होतं.

लक्ष मात्र कुत्र्याकडे हवं. सारखा जांभया देतोय, ओठ चाटतोय, मान फिरवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतोय म्हणजे तो वैतागलाय, तिथेच थांबवा, मग भले साहेबांचा सेल्फी राहिला तरी चालेल. डब्यातली पोळीभाजी भरवू नका, कांदा-लसूण त्याला विषारी.

आणि लोकांना रोज रात्री दहापर्यंत थांबवून महिन्यातून एकदा कुत्रा आणणार असाल तर राहू द्या, आधी शिफ्ट नीट लावा.