ह्यूस्टनच्या अंगणातले पाम आणि सायकस: थंडीच्या लाटेआधी आणि नंतर

१६ फेब्रुवारी २०२१ च्या पहाटे ह्यूस्टनच्या मोठ्या विमानतळावर पारा १३ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे उणे साडेदहा अंश सेल्सियसच्या आसपास उतरला आणि त्या आठवड्यात शहरातले हजारो पाम उभ्या उभ्या करपले. डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा कडाका पडला आणि जानेवारी २०२५ मध्ये तर अंगणात बर्फ साचले. तेव्हा पुढील तयारी दर वर्षी नोव्हेंबर लागताच हाती घ्यावी.

सर्वांत आधी आपल्याकडे नेमके काय लावले आहे, ते ओळखून लिहून काढावे, कारण ‘पाम’ या एका शब्दाखाली फार वेगवेगळ्या जिवटपणाची झाडे येतात. क्वीन पाम उणे ४ ते ५ अंशांनाच पाने टाकू लागतो, मेक्सिकन वॉशिंग्टोनिया उणे ६ ते ७ च्या खाली धोक्यात येतो, तर सबाल आणि विंडमिल पाम उणे १० अंशांचा मारही बहुधा सोसतात. सायकसची पाने उणे ७ च्या सुमारास जळतात, पण खोड त्यापेक्षा बरेच चिवट असते. मालवणची आठवण म्हणून कोणी माड लावला असेल, तर तो कुंडीतच ठेवावा आणि थंडीत घरात घ्यावा. माडाला पाच अंशांची थंडीसुद्धा बाधते आणि इथल्या जमिनीत तो टिकत नाही, हे कोकणी मनाला पटायला जड असले तरी खरे आहे.

झाडाची प्रकृती आधीपासून राखलेली असावी. पालाश आणि मॅग्नेशियम कमी पडलेला पाम थंडीला लवकर बळी पडतो, म्हणून पामसाठी मिळणारे संथपणे विरघळणारे खत उन्हाळ्यात द्यावे आणि शरद ऋतूत नत्र देणे थांबवावे, नाहीतर ऐन थंडीच्या तोंडावर कोवळी पालवी फुटते. खालच्या पिवळ्या झावळ्या शोभेसाठी छाटू नयेत, कारण झाड त्यांच्यातला पालाश काढून नव्या पानांना पुरवत असते. खोडाभोवती चार-पाच इंच जाडीचे आच्छादन घालावे, मात्र ते खोडाला चिकटू देऊ नये.

सामान दुकानात रांगा लागण्याआधी आणावे: फ्रॉस्ट क्लॉथ (थंडीत झाडांवर घालायचे हलके कापड) किंवा जुन्या चादरी, सुतळी, बांबू, किमान तापमान नोंदवणारा तापमापक, घराबाहेर चालणारी वायर आणि नाताळच्या दिव्यांच्या जुन्या, तापणाऱ्या माळा. एलईडीच्या माळा इथे कुचकामी आहेत, कारण आपल्याला उजेड नको, ऊब हवी असते. माळा लावून, त्या चालतात का आणि बाहेरचा सॉकेट ओल लागताच बंद पडत नाही ना, हे कोरड्या दिवशीच पाहून ठेवावे. केवळ विजेवर मात्र विसंबू नये. २०२१ मध्ये टेक्सासातल्या लाखो घरांची वीज गेली आणि माझ्या क्वीन पामवरची माळ पहिल्याच रात्री विझली.

अंदाज वाचताना थंडी कशी येणार आहे, हेही पाहावे. निरभ्र, निर्वात रात्री दहिवर पडते तेव्हा जमिनीची ऊब चादरीखाली अडवली तरी पुष्कळ काम होते. उत्तरेकडून जोराचा वारा सुटून दोन-तीन दिवस पारा वर येणारच नसेल, तर नुसती चादर पुरत नाही, आत उष्णता द्यावी लागते. आदल्या दिवशी आळ्यात भरपूर पाणी द्यावे, कारण ओली माती ऊब धरून ठेवते. झावळ्या वर गोळा करून सुतळीने बांधाव्यात, शेंड्याभोवती आणि खोडावर माळ गुंडाळावी, त्यावर कापडाचे दोन-तीन थर देऊन ते जमिनीपर्यंत आणावेत. पावसाचे पाणी शेंड्यात साचून गोठू नये, म्हणून सर्वांत वर प्लास्टिक चालेल, पण ते पानांना टेकता कामा नये आणि ऊन पडताच काढले पाहिजे. वेळ थोडा असेल तर पाने सोडून शेंडा वाचवावा. बहुतेक पामांना वाढीचा कोंब एकच असतो. तो मेला की झाड गेले, पाने मात्र पुन्हा येतात.

लाट ओसरल्यावरची पहिली तयारी हात आवरण्याची आहे. तपकिरी पानेही खालच्या कोंबाला आडोसा देत असतात, म्हणून मार्चचा पूर्वार्ध उलटून गोठण्याचा धोका संपेपर्यंत ती कापू नयेत. मी २०२१ च्या मार्चमध्येच एक चायनीज फॅन पाम मेला असे समजून खणून काढला. खोड उभे चिरले, तर आत मनगटाएवढा कोंब पांढराशुभ्र आणि करकरीत निघाला. तेव्हापासून कुदळ बाहेर काढण्याआधी मी पोंग्याची परीक्षा घेतो. मधले न उलगडलेले पान चिमटीत धरून हलकेच ओढावे. ते घट्ट असेल तर झाडाला त्रास देऊ नये. ते सहज हातात आले, बुंध्याशी पिवळट, बुळबुळीत असले आणि आंबूस कुबट वास आला, तर कोंब कुजू लागला आहे असे समजावे. अशा वेळी पोकळीतला कुजका भाग काढून तिथे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड ओतावे. ते फसफसून वर येते, फेस ओसरला की जागा कोरडी होऊ द्यावी आणि ताम्रयुक्त बुरशीनाशक लेबलवरील प्रमाणात घालावे. दहा दिवसांनी पुन्हा उपचार करावा, पण तांबे वारंवार घालू नये, कारण ते साचून कोवळ्या पेशींना मारते. पोंगा निघाला म्हणजे झाड गेलेच असे नसते. पुढे येणारी पहिली दोन-तीन पाने आखूड, मुडपलेली किंवा टोकाला करपलेली आली तरी ती ठेवावीत.

सायकसचे गणित निराळे आहे. दिसायला पामसारखा असला तरी तो सूचिपर्णींच्या बाजूचा, बीजशंकू धरणारा वृक्ष आहे आणि सगळी पाने जळाल्यावर एप्रिल ते जूनच्या दरम्यान नव्या पानांचे अख्खे वलय एकदम फेकतो. खोड अंगठ्याने दाबून पाहावे. घट्ट असेल तर वाट पाहावी, मऊ लागत असेल तरी बुंध्यातली पिल्ले, म्हणजे बाजूने फुटलेली छोटी रोपे, तपासावीत, कारण तीच बऱ्याचदा वाचतात. पूर्ण वाळलेली पाने नवे वलय फुटण्याआधी कापावीत; कोवळी पाने उलगडताना धक्का लागला तर ती कायमची वाकडी राहतात. हातमोजे घालावेत आणि बिया लगेच उचलाव्यात, कारण सायकस सर्वांगी विषारी असून कुत्र्याने चघळल्यास त्याच्या यकृतावर बेतते. नव्या पानांच्या मागे पांढऱ्या खवल्यांची कीड दिसते का, हेही दर आठवड्याला पाहावे.

उंच वॉशिंग्टोनियाचा निकाल मात्र जुलैपर्यंत लावू नये. पामच्या खोडातल्या जलवाहिन्या एकदा निकामी झाल्या की पुन्हा तयार होत नाहीत. त्यामुळे वसंतात हिरवे दिसलेले झाड उन्हाळ्यात पाण्याची मागणी वाढताच कोलमडू शकते. जुलै सरेपर्यंत एकही नवे पान आले नाही, खोड वाजवून पोकळ बोलले किंवा साल ओलसर होऊन सुटू लागली, तर जाणकार माणूस बोलावून ते उतरवून घ्यावे, कारण चक्रीवादळांचा हंगाम १ जूनलाच सुरू झालेला असतो आणि मेलेला शेंडा वरून कधी तुटेल, याचा नेम नसतो.