घोडा जी५ वर आला की

कुडाळच्या एका बुद्धिबळ स्पर्धेत मी काळ्या मोहऱ्यांनी हा डाव हरलो. घड्याळात पंधरा-पंधरा मिनिटं, वर पत्र्यावर पाऊस, आणि सहाव्या चालीला समोरच्याचा घोडा एफ७ वर येऊन बसला. तेव्हापासून मालवणात आमच्या ओटीवर शनिवारी खेळायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्यांदा हेच शिकवतो.

आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; अक्षर-आकडा म्हणजे पटावरचं घर, आणि नुसतं घर सांगितलं तर चाल प्याद्याची. ई४, ई५. घोडा एफ३, घोडा सी६. उंट सी४, घोडा एफ६. आता पांढरा घोडा जी५ वर उडी मारतो. उंट आणि घोडा दोघांचाही डोळा एफ७ वर, आणि ते घर राखायला एकटा राजा. म्हणून काळ्याने डी५ खेळून उंटाची वाट अडवायची. पांढरा ई४ च्या प्याद्याने ते मारतो.

इथे हात आपोआप घोड्याकडे जातो. हात मांडीखाली दाबून ठेवा! घोड्याने डी५ चं प्यादं मारलंत, तर पांढरा घोडा एफ७ वर बळी जातो. वजीर आणि हत्ती दोन्हीवर मारा, म्हणून राजाने तो घ्यावाच लागतो. मग वजीर एफ३, शह. डी५ चा घोडा वाचवायला राजा ई६ वर, म्हणजे भर पटाच्या मधोमध. घरी बसून बचाव सापडतोही, पण घड्याळ चालू असताना मला नाही सापडला.

त्याऐवजी सी६ चा घोडा ए५ वर न्या, उंटावर. उंट बी५, शह. सी६. प्याद्याने प्यादं, बी-प्याद्याने परत प्यादं. उंट ई२ ला मागे गेला की जी५ च्या घोड्याला हाकलायला एच६.

"काका, प्यादा फुकट कित्याक देवचा?" एका पोरीने विचारलं. मी तिला पुढच्या चाली पटावर मांडायला लावल्या. घोडा एफ३, ई४. घोडा ई५, उंट डी६. प्रत्येक चालीला पांढरा पळतोय आणि आपली मोहरी बाहेर येतायत. प्याद्याची किंमत तिथे वसूल होते.

एच६ नंतर कोणी घोडा एफ३ ऐवजी एच३ वर नेला, तर गोंधळू नका. १८९१ मध्ये तारेने चाली पाठवून खेळलेल्या सामन्यात तेव्हाचा जगज्जेता स्टाइनिट्झने तेच केलं आणि रशियाच्या चिगोरिनने त्याला हरवलं. पण १९६३ मध्ये अमेरिकेचा बॉबी फिशर त्याच चालीने जिंकला, तेव्हा तिला हलकीही समजू नका. उंट सी५, कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजाला कोपऱ्याकडे नेणं), आणि ए५ वर अडकलेला घोडा बी७ वरून परत आणायचा. तो काठावरच राहिला, तर पुढे त्याचाच त्रास होतो.