एफसिंक शून्य परत करतं, तरी फाइल कोरी का?

एफसिंक म्हणजे ‘हा डेटा डिस्कवर पक्का लिही’ असं ॲपने लिनक्स कर्नलला सांगणं. शून्य परत आलं म्हणजे काम झालं. तरी फाइल कोरी, तर बग फाइलसिस्टमच्या कोडमध्ये शोधायचा. आधी तो हुकमी घडवून आणा. रीबूट करून तो दिसणार नाही, कारण अनमाउंट होताना उरलेला सगळा डेटा लिहून होतो. प्रोसेस मारूनही दिसणार नाही. डेटा डिस्कवर जाईपर्यंत ज्या मेमरीत थांबतो, ती पेज कॅश कर्नलकडे असते. वीजच जायला हवी. माझ्याकडे आलेलं बिलिंग मशीन लालबागच्या एका दुकानातलं. मालक रात्री शटर ओढण्याआधी मेन स्विच पाडायचे, सकाळी शेवटचं बिल गायब. पावती गिऱ्हाइकाच्या खिशात, फाइल मात्र रिकामी. ॲप दर बिलाला एफसिंक करत होतं आणि कर्नल त्याला शून्य देत होतं. शून्य म्हणजे दिलेला शब्द. तो खालीच मोडला, तर वर ॲप लिहिणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

टेबलावर हेच करायला लूप डिव्हाइसवर (डिस्क म्हणून वापरलेली साधी फाइल) डीएम-फ्लेकी, म्हणजे बिघडलेल्या डिस्कचं सोंग करणारं साधन, लावा. फाइल लिहा, एफसिंक करा, लगेच ड्रॉप_राइट्स (पुढचं लिखाण गुपचूप टाकून देणं) चालू करा, अनमाउंट करून पुन्हा माउंट करा. फाइल कोरी आली की बग हाती लागला.

आता फाइलसिस्टमचं एफसिंक फंक्शन उघडा. इथे फाइलमॅप_एफडेटाराइट() होतं. ते लिखाण सुरू करतं, पण संपायची वाट पाहत नाही. त्याजागी फाइल_राइट_अँड_वेट_रेंज() घाला आणि त्याने दिलेली एरर गिळू नका, जशीच्या तशी वर पाठवा. त्यानंतर इनोड, म्हणजे फाइलच्या आकाराची आणि जागेची नोंद, लिहिणारं सिंक_इनोड_मेटाडेटा(), आणि सगळ्यात शेवटी डिस्कला तिची कॅश रिकामी करायला लावणारं ब्लॉकडेव्ह_इश्यू_फ्लश(). फ्लश आधी उरकलात, तर इनोड डिस्कच्या स्वतःच्या कॅशमध्येच अडकतो. ही क्रमाची चूक डीएम-फ्लेकीत सापडत नाही, तिथे लिखाण आणि फ्लश यांचा क्रम नोंदवणारं डीएम-लॉग-राइट्सच लागतं. जर्नल (बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) नसलेल्या साध्या फाइलसिस्टमला जेनेरिक_फाइल_एफसिंक() पुरतं. मी तरी तेच वापरा म्हणेन.

न लिहिलेला डेटा मेमरीत किती वेळ राहू द्यायचा ते ठरवणारं डर्टी_एक्स्पायर_सेंटिसेक्स ३००० वरून, म्हणजे ३० सेकंदांवरून, खाली आणा, असं कुणीतरी सुचवेलच. ऐकू नका. त्याने बिल हरवायची वेळ आखडते, बग तिथेच राहतो.

पॅच लावल्यावर एक्सएफएसटेस्ट्स या फाइलसिस्टम-चाचण्यांचा जेनेरिक गट चालवा. आणि डिरेक्टरीच्या फाइल_ऑपरेशन्समध्ये (फाइलसिस्टमने दिलेल्या फंक्शन्सची यादी) एफसिंक आहे का, तेही बघा. नव्या फाइलचं नाव डिरेक्टरीत असतं, म्हणून ॲपने डिरेक्टरीवरही एफसिंक करायला हवं, आणि ते फंक्शनच नसेल तर त्याला ईइनव्हॅल, म्हणजे ‘ही मागणी चालत नाही’ अशी एरर, मिळतं.