पीएच.डी.ची उद्दिष्टे कशी लिहावीत: ग्रामीण विदर्भातील शिक्षणशास्त्राच्या अधिछात्रांसाठी

बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या राज्यातील संस्था किंवा यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) यांपैकी कोणाचीही अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) मिळाली की संशोधकाचे लक्ष साहजिकच हजेरी, घरभाडे भत्ता आणि प्रगती अहवाल यांकडे वळते, आणि संशोधन आराखड्यातील उद्दिष्टांचे पान घाईत लिहिलेले तसेच राहते. मात्र पुढील काही वर्षे संशोधकाचे काम मोजले जाते ते याच पानावरून. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.चा कालावधी किमान 3 आणि सर्वसाधारणपणे कमाल 6 वर्षांचा असून दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. 'निवडक घटकांचा अभ्यास करणे' अशा उद्दिष्टावर काम पुढे सरकले की नाही, हे समितीलाही सांगता येत नाही आणि संशोधकालाही सिद्ध करता येत नाही.

विषय आधी ठरलेला असतो आणि बहुधा फार मोठा असतो. 'यवतमाळ जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांतील विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक समस्यांचा अभ्यास' हे शीर्षक उदाहरणादाखल घेऊ. असल्या शीर्षकाखाली समस्या शोधणे, कारणे शोधणे, उपाय सुचवणे आणि 'शासनास शिफारशी करणे' अशी चार उद्दिष्टे ठरल्यासारखी येतात. यांतील शेवटचे उद्दिष्टच नव्हे. शिफारशी निष्कर्षांतून निघतात, त्यांच्यासाठी वेगळी माहिती कोणी गोळा करत नाही. पहिल्या तिघांपैकी एकही एका माणसाच्या हातून पूर्ण होण्यासारखे नाही. विषय आकुंचित करायचा तर गावाच्या वर्षाकडे पाहावे. कापूस पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे वेचणीला जोर येतो, मजुरी किलोवर मिळते, आणि सहावी ते आठवीच्या वर्गांतील काही मुले शेतात, तर काही मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी थांबतात. येथे एक निश्चित प्रश्न आहे आणि तो विचारायला संशोधकाला गाव सोडून कोठे जावे लागत नाही.

आता उद्दिष्ट लिहून पाहू: 'मारेगाव व झरी-जामणी तालुक्यांतील निवडक जिल्हा परिषद शाळांतील इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांच्या वेचणीपूर्व व वेचणीच्या काळातील उपस्थितीची तुलना करणे.' स्थान, इयत्ता, चल (मोजायची बदलती बाब) आणि कृती या चारही गोष्टी आल्या, त्यामुळे हे उद्दिष्ट कागदावर निर्दोष वाटते. शेती ज्याने पाहिली आहे त्याला मात्र लगेच शंका येईल. वेचणीपूर्व काळ म्हणजे कोणता? जुलै-ऑगस्टमध्ये निंदण असते, सप्टेंबरच्या अखेरीपासून सोयाबीनची सोंगणी लागते, आणि वेचणी आटोपता आटोपता हरभरा काढणीला येतो. तुलनेसाठी मोकळा महिना या भागात मिळणे अवघडच. म्हणून दोन कालखंड समोरासमोर ठेवण्याऐवजी जुलै ते मार्च या महिन्यांचा उपस्थितीचा आलेख तपासणे आणि तो भूधारक व भूमिहीन कुटुंबांतील मुलांसाठी वेगवेगळा काढणे, असे उद्दिष्ट लिहिणे अधिक खरे ठरेल. ही दुरुस्ती संदर्भग्रंथ वाचून सुचत नाही. माझ्या मते ग्रामीण भागातून आलेल्या अधिछात्राची खरी जमेची बाजू हीच आहे, आणि आराखडा लिहिताना तोच ती सर्वांत आधी बाजूला ठेवतो.

दुसरी शंका माहितीच्या स्रोताविषयी. उपस्थिती म्हणजे हजेरीपटावरील नोंद, की वर्गात प्रत्यक्ष बसलेली मुले? या दोहोंत अंतर असू शकते, आणि ते किती आहे हे आधीच गृहीत धरता येत नाही. हजेरीपट आणि शालेय पोषण आहाराची नोंद एकमेकींशी ताडून पाहावी, शिवाय न कळवता ठरवलेल्या काही दिवशी स्वतः वर्गात जाऊन मुले मोजावीत. एवढे करणे शक्य नसेल तर उद्दिष्टातच 'नोंदवलेली उपस्थिती' असे शब्द घालावेत. त्या एका शब्दाने मौखिक परीक्षेतील निम्मे प्रश्न आधीच मिटतात.

गैरहजेरीचा अभ्यास शाळेत बसून करण्यात आणखी एक अडचण आहे. चाचणी ज्या दिवशी घ्यावी त्या दिवशी नेमकी तीच मुले वर्गात नसतात. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेचे असर सर्वेक्षण ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांची वाचन व गणिताची चाचणी घेते, त्यामुळे शाळेत न आलेले मूलही त्याच्या नमुन्यात येऊ शकते. संशोधकाला 'गैरहजेरी आणि गणितातील संपादन (चाचणीत मिळालेले गुण) यांतील संबंध तपासणे' हे उद्दिष्ट ठेवायचे असेल, तर चाचणीसाठी पुन्हा एकदा शाळेत किंवा घरी जाण्याची तयारी आराखड्यात नोंदवावी. येथे 'परिणाम' न लिहिता 'संबंध' लिहिणे योग्य. जी मुले मजुरीला जातात त्यांच्या घरची परिस्थितीही बहुधा वेगळी असते, आणि गुण कमी पडले ते वेचणीमुळे की त्या परिस्थितीमुळे, हे सहसंबंध गुणांक सांगत नाही.

परिकल्पनेबाबत, म्हणजे तपासून पाहायच्या गृहीत विधानाबाबत, विद्यापीठांच्या संशोधन केंद्रांमध्ये एक सवय रूढ आहे: उद्दिष्टे पाच असतील तर शून्य परिकल्पनाही ('फरक किंवा संबंध नाही' अशी विधाने) पाच. ही जुळवाजुळव अनावश्यक आहे. उपस्थितीतील फरक किंवा दोन चलांतील संबंध तपासायचा असेल तेथे परिकल्पना लागते. पालक, मुले आणि वर्गशिक्षक यांच्या कथनांतून कारणे समजून घ्यायची असतील तेथे संशोधन प्रश्न पुरतो. सेवाग्रामच्या नई तालीमवर, म्हणजे गांधीजींच्या हस्तोद्योगाधारित शिक्षणपद्धतीवर, काम करणाऱ्याला तर परिकल्पनेचा उपयोगच नाही. ऑक्टोबर 1937 मधील वर्ध्याची शिक्षण परिषद, डॉ. झाकीर हुसेन समितीचा अहवाल आणि त्यानंतरचे शाळेतील प्रत्यक्ष काम यांचा मागोवा कागदपत्रांतून घ्यायचा असतो. त्याच्या उद्दिष्टात कोणता कालखंड आणि कोणती कागदपत्रे पाहायची, हे आले म्हणजे झाले.

शिक्षणशास्त्रात लोकप्रिय असलेला आणखी एक साचा म्हणजे कार्यक्रम विकसित करून त्याची परिणामकारकता तपासणे. शहरातील शाळेत दोन तुकड्या मिळतात, एक प्रायोगिक गट आणि एक नियंत्रित गट करता येतो. दोन शिक्षकांच्या खेड्यातील शाळेत चौथीत मुले आठ असतील, तर गट कसले करणार आणि टी परीक्षिका (दोन गटांच्या सरासरीतील फरक तपासणारी चाचणी) कशावर लावणार? तेथे बहुवर्ग अध्यापन प्रत्यक्षात कसे चालते, शिक्षक एका वर्गाला काय देऊन दुसऱ्याकडे वळतो, याचे काही शाळांतील सखोल निरीक्षण हे उद्दिष्ट अधिक मोलाचे आहे. आकडेवारी नसेल तर प्रबंध हलका पडतो, ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

भाषेचा मुद्दा मेळघाट, गडचिरोली आणि यवतमाळच्या कोलाम वस्त्यांवर काम करणाऱ्यांसाठी निर्णायक आहे. धारणी किंवा चिखलदरा तालुक्यातील कोरकू मुलांचे मराठी वाचन मोजता येईल, पण त्यांचे आकलन कोठे अडते हे ठरवायला कोरकू यावी लागते. ती येत नसेल तर दोनच प्रामाणिक मार्ग उरतात: स्थानिक दुभाष्याला नेमून, त्याला प्रशिक्षण देऊन तो खर्च आकस्मिक अनुदानात धरावा, किंवा उद्दिष्ट शिक्षकाच्या वर्गातील भाषावापराच्या निरीक्षणापुरते मर्यादित ठेवावे. माडिया आणि कोलामी भाषकांबाबतही हेच लागू आहे.

परवानगीचा विचार उद्दिष्टे ठरवतानाच करावा. जिल्हा परिषद शाळांसाठी प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र घ्यावे लागते, आणि गटशिक्षणाधिकारी व केंद्रप्रमुख यांना आधी भेटलेले बरे. शासकीय आश्रमशाळा असेल तर संबंधित एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या प्रकल्प अधिकाऱ्याकडे अर्ज जातो. पालकांची संमती वाचून दाखवून घ्यावी आणि मुलालाही नाही म्हणण्याची मुभा द्यावी. वेचणीच्या विषयात एक जास्तीची खबरदारी आहे. बालकामगार कायद्यातील 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास बंदी आहे; घरच्या कामात शाळेच्या वेळेबाहेर मदत करण्याची सवलत आहे. दुसऱ्याच्या शेतात मजुरी करणाऱ्या मुलाचे उत्तर त्याच्या घरच्यांना अडचणीत आणू शकते. म्हणून प्रबंधात गाव व शाळेची नावे बदलावीत, शाळा ओळखता येईल असे तपशील गाळावेत आणि प्रश्नावलीत शेतमालकाचे नाव कधीही विचारू नये.

वेळापत्रक लिहिताना विदर्भाचे शैक्षणिक वर्ष लक्षात ठेवावे. उन्हामुळे येथील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात. मार्चपासून सकाळची शाळा लागते. मोहफुले आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात पूर्व विदर्भातील जंगलपट्ट्यात पालक घरी सापडत नाहीत. कोर्सवर्क, आराखडा आणि आरआरसी (आराखड्याला मान्यता देणारी विद्यापीठाची समिती) यांत पहिला कापूस हंगाम निघून जाणार, हे धरूनच चालावे. दुसरा हंगाम गाठायचा तर साधने तज्ज्ञांकडून तपासून, पूर्वचाचणी (थोड्या जणांवर साधने वापरून पाहणे) उरकून दसऱ्यापूर्वी तयार हवीत. तोही चुकला तर पुढचे वर्ष वाट पाहण्यात जाते आणि अधिछात्रवृत्तीचा काळ कोणासाठी थांबत नाही.

उद्दिष्टे चार, फार तर पाच असावीत. मार्गदर्शकांना दाखवण्यापूर्वी प्रत्येक उद्दिष्टापुढे एका ओळीत लिहावे की माहिती कोणाकडून, कोणत्या साधनाने, कोणत्या महिन्यात मिळेल आणि तिचे विश्लेषण कसे होईल. ज्या उद्दिष्टापुढे यांतील एखादी जागा रिकामी राहते ते उद्दिष्ट कितीही आवडते असले तरी काढून टाकावे. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर त्याच विषयाचे प्रबंध पाहताना उद्दिष्टांच्या पानाबरोबर निष्कर्षांचे पानही उघडावे. पाच उद्दिष्टांपैकी तिघांचेच निष्कर्ष आलेले प्रबंध तेथे सापडतात आणि ते पाहून बरेच शिकता येते.

पूर्वचाचणीनंतर उद्दिष्ट बदलावे लागले तर त्यात कमीपणा नाही. पूर्वचाचणी त्यासाठीच असते. बदल सल्लागार समितीपुढे ठेवून इतिवृत्तात नोंदवून घ्यावा, आणि शीर्षकाला धक्का लागत असेल तर विद्यापीठाची वेगळी मान्यता घ्यावी. त्यानंतर सुधारित उद्दिष्टे अधिछात्रवृत्ती देणाऱ्या संस्थेलाही मार्गदर्शकांच्या पत्रासह कळवावीत. विद्यापीठातील आराखड्यात एक मजकूर आणि संस्थेच्या प्रगती अहवालात दुसरा, असे आढळले तर खुलासे मागवले जातात आणि तोपर्यंत हप्ता अडकून पडू शकतो. दोन्ही ठिकाणी शब्दशः एकच मजकूर जाईल आणि त्याची पोच आपल्या फाइलीत राहील, एवढे पाहावे.