जुना जीपीएस नव्या लॅपटॉपला जोडताना या चुका टाळा

सह्याद्रीत वीस-पंचवीस वर्षं भटकलेल्या मंडळींच्या कपाटात कुठेतरी गार्मिन कंपनीचा पिवळा ईट्रेक्स हा हातातला जीपीएस किंवा त्याचा एखादा भाऊबंद हमखास सापडतो. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. तोवर शंभरेक मीटरचा फरक दाखवणारी उपकरणं त्यानंतर दहा-वीस मीटरवर आली आणि डोंगरवाटा नोंदवायच्या कामाची झाली. तेव्हापासून लोकांनी नाळा, धारा, टाकी, पदरातल्या गुरांच्या वाटा नोंदवून ठेवल्या. त्यातल्या काही वाटा दरडींखाली गेल्या, काही वापर थांबल्यामुळे रानात हरवल्या. त्या ट्रॅकची, म्हणजे चाललेल्या वाटेच्या नोंदीची, दुसरी प्रत बहुतेक वेळा कुठेही नसते.

असं उपकरण नव्या लॅपटॉपला लावलं की काहीच होत नाही, आणि माणूस म्हणतो, ‘गेलं हे.’ माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा उपकरण धडधाकट असतं. अडचण मधल्या साखळीत असते: केबल, ड्रायव्हर, एखादी सेटिंग किंवा प्रोग्राम. पण ती शोधायच्या नादात लोक आतली माहितीच घालवून बसतात, म्हणून आधी त्याबद्दल.

माहिती उतरवण्याआधीच ‘तपासून बघणं’

सेल घातले, चालू झालं, की पहिला मोह होतो गच्चीवर जाऊन उपग्रह मिळतात का ते बघायचा. थांबा. चालू ट्रॅकच्या नोंदीला ठरावीक जागा असते. उदाहरणार्थ, गार्मिनच्याच जीपीएसमॅप ६०सीएसएक्समध्ये १०,००० बिंदू. ती भरली की सहसा सर्वांत जुने बिंदू पुसून त्या जागी नवे लिहिले जातात. म्हणजे गच्चीवरचा अर्धा तास तुमच्या एखाद्या जुन्या वाटेचा तुकडा खाऊ शकतो. उपकरण घरातच चालू करा, आणि ‘जीपीएस बंद ठेवून वापरा’ असा पर्याय असेल तर तो निवडा. माहिती उतरवायला उपग्रह लागत नाहीत.

दुसरा मोह ‘सेव्ह ट्रॅक’चा. नाव पाहून वाटतं की वाट सुरक्षित झाली. पण जुन्या मॉडेलांत सेव्ह करताना बिंदू कमी केले जातात (६०सीएसएक्समध्ये ५००पर्यंत) आणि प्रत्येक बिंदूची वेळ गळून पडते. कुठल्या टप्प्यावर किती वेळ लागला, कुठे थांबलो, हे सगळं जातं. त्यामुळे आधी चालू नोंद आहे तशी संगणकावर घ्या.

आणि बटणं दाबून ‘हार्ड रिसेट’ करण्याचा सल्ला कुणीही दिला तरी माहिती उतरवल्याशिवाय तो ऐकू नका. त्यात वेपॉइंट (खूण करून ठेवलेल्या जागा) आणि ट्रॅक दोन्ही पुसले जाऊ शकतात.

सगळ्या उपकरणांना पेनड्राइव्ह समजणं

गार्मिनच्या हातातल्या उपकरणांचे ढोबळ मानाने तीन प्रकार आहेत. पिवळा ईट्रेक्स, पहिले लेजंड आणि व्हिस्टा, जीपीएस १२ ही सिरियल केबलवाली. लेजंड सी, ६०सीएसएक्स, लेजंड एचसीएक्स यांना मिनी यूएसबी आहे, पण ती संगणकाशी स्वतःच्या भाषेत बोलतात. २०११ मधले ईट्रेक्स १०, २०, ३० मात्र खरोखर ड्राइव्हसारखे उघडतात आणि आत जीपीएक्स फाइली (ट्रॅक आणि वेपॉइंट साठवायचा सर्वमान्य प्रकार) दिसतात. पहिल्या दोन प्रकारांत ‘धिस पीसी’मध्ये काही दिसलं नाही तर ते बरोबरच आहे, तिथे काही दिसायचंच नसतं.

सिरियलवाल्यांसाठी मिळेल तो कन्व्हर्टर घेणं

सर्वांत जास्त दिवस इथे वाया जातात. नव्या लॅपटॉपला नऊ पिनांचं पोर्ट नसतं, त्यामुळे यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर लागतो. स्वस्तातल्या अनेक कन्व्हर्टरमध्ये प्रॉलिफिकची पीएल२३०३ चिप किंवा तिची नक्कल असते. या चिपच्या जुन्या आवृत्त्यांना विंडोज ८ पासूनचे नवे ड्रायव्हर चालवत नाहीत. डिव्हाइस मॅनेजर उघडलात तर पोर्टच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आणि ‘कोड १०’ दिसतो, किंवा ही चिप २०१२ पासून बंद केली आहे असा संदेशच नावाच्या जागी येतो. जुना ड्रायव्हर निवडून काम चालतं, पण विंडोज अपडेट पुन्हा नवा आणून बसवतं. माझं मत विचाराल तर खात्रीच्या दुकानातून एफटीडीआय चिपचा कन्व्हर्टर घ्यावा. दोनचारशे रुपये जास्त गेले तरी डोकेदुखी वाचते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा टीटीएल बोर्ड मात्र घेऊ नका. तो दिसतो तसाच, पण त्याची व्होल्टेज पातळी वेगळी असते. मागताना आरएस-२३२ (नऊ पिनांच्या सिरियल पोर्टचं मानक) असं स्पष्ट सांगा.

कन्व्हर्टर ओळखला गेला की त्याला कुठला कॉम नंबर, म्हणजे विंडोजने त्या पोर्टला दिलेला क्रमांक, मिळाला ते बघा. विंडोज कधीकधी कॉम १२ वगैरे देतं आणि जुन्या प्रोग्रामांच्या यादीत तो नसतोच. पोर्टच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ उघडून तो चारच्या आतला करून घ्या. कन्व्हर्टर प्रत्येक वेळी त्याच यूएसबी खाचेत लावा, नाहीतर नंबर पुन्हा बदलू शकतो.

मग उपकरणाकडे वळा. सेटअपमधल्या इंटरफेसमध्ये ‘गार्मिन’ आणि ‘एनएमईए’ असे पर्याय असतात. कधीकाळी कुणी लॅपटॉपवर चालता नकाशा बघण्यासाठी एनएमईए करून ठेवलेलं असतं आणि ते तसंच राहतं. एनएमईए म्हणजे सध्याची जागा सतत सांगत राहणं. साठवलेले ट्रॅक त्यातून येत नाहीत. इथे ‘गार्मिन’च हवं. केबल, कन्व्हर्टर, ड्रायव्हर सगळं ठीक असूनही फक्त या एका ओळीमुळे दोन दिवस अडकलेले लोक मी पाहिलेत.

एवढं करूनही गप्प असेल तर पाठीमागचं रबरी झाकण उघडून आतल्या धातूच्या पट्ट्या बघा. चार पावसाळे कोकणात काढलेल्या उपकरणावर हिरवट थर असतो. सेल काढा, पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, वाळू द्या. सेलही नवे घाला. साध्या सिरियल डेटा केबलमधून उपकरणाला वीज मिळत नाही, आणि अर्ध्यात बंद पडलं तर सुरुवातीपासून करावं लागतं.

चुकीच्या प्रोग्रामकडून अपेक्षा ठेवणं

गार्मिनचा बेसकॅम्प हा संगणकावरचा प्रोग्राम सिरियल उपकरणं ओळखत नाही, कितीही चांगला कन्व्हर्टर लावा. गार्मिनचाच जुना मॅपसोर्स असेल तर त्याने होतं. नसेल तर जीपीएसबेबल हा माहिती उतरवणारा प्रोग्राम घ्या. मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो. इनपुटला गार्मिन सिरियल/यूएसबी, पुढे आपला कॉम पोर्ट, आउटपुटला जीपीएक्स. वेपॉइंट, रूट आणि ट्रॅक या तिन्ही खुणा केलेल्या आहेत ना ते बघा, नाहीतर फक्त वेपॉइंट येतात आणि ट्रॅक पुसले गेले असं वाटून धस्स होतं.

यूएसबीवाल्यांच्या अडचणी

आधी केबल बदलून बघा. मिनी यूएसबीच्या बऱ्याच केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात. विंडोजवर गार्मिनचा यूएसबी ड्रायव्हर आधी टाका, मग उपकरण जोडा. लिनक्सवर ‘गार्मिन_जीपीएस’ हे कर्नलचं मॉड्यूल उपकरण आधीच ताब्यात घेतं, ते ब्लॅकलिस्ट केलं, म्हणजे आपोआप सुरू होण्यापासून रोखलं, की जीपीएसबेबलला वाट मोकळी होते. लॅपटॉप स्नॅपड्रॅगनसारख्या आर्म प्रोसेसरचा असेल तर इंटेलसाठी लिहिलेला ड्रायव्हर त्यावर बसणार नाही. अशा वेळी घरातला एखादा जुना लॅपटॉप हुडकणं हेच शहाणपणाचं.

६०सीएसएक्स, एचसीएक्स यांसारख्या कार्डवाल्या मॉडेलांत एक सोपी पळवाट आहे. ट्रॅक सेटअपमध्ये ‘डेटा कार्डवर नोंद’ चालू केलेली असेल तर मायक्रोएसडी कार्डावर दर दिवसाची वेगळी जीपीएक्स फाइल बनते, वेळेसकट. कार्ड काढा, रीडरमध्ये घाला, ड्रायव्हरचा प्रश्नच येत नाही. पूर्वी कुणी ती सेटिंग केली होती का, हे मी कुठलीही केबल हातात घेण्याआधी बघतो.

तारीख चुकीची म्हणून ट्रॅक टाकून देणं

जीपीएसचे उपग्रह आठवडे मोजतात आणि ही मोजणी १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येते. ऑगस्ट १९९९ मध्ये ती आली, नंतर ६ एप्रिल २०१९ च्या रात्री. त्यामुळे काही जुनी उपकरणं आता ७,१६८ दिवस मागची तारीख लिहितात. १० जानेवारी २०२६ चा ट्रेक २७ मे २००६ चा दिसतो. वार मात्र तोच राहतो, शनिवार. जागेच्या अचूकतेवर याचा परिणाम होत नाही, ट्रॅक खराच असतो. जीपीएसबेबलच्या ट्रॅक फिल्टरने वेळ तेवढे दिवस पुढे सरकवता येते. जीपीएक्समधली वेळ आपल्याहून साडेपाच तास मागे असते, ती मात्र चूक नाही. ती जागतिक वेळ आहे, तिला हात लावू नका.

कंटाळून आकडे हाताने उतरवणं

वेपॉइंट दहा-बाराच असतील तर हेही चालतं, पण आधी सेटअपमध्ये डेटम (अक्षांश-रेखांश मोजायचा आधार) डब्ल्यूजीएस ८४ आहे ना ते बघा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटशी जुळवण्यासाठी अनेकांनी तिथे ‘इंडियन’ डेटम ठेवलेलं असतं. तसं राहिलं तर पडद्यावरचे आकडे आणि आजचे नकाशे यांत आपल्या भागात शंभर मीटरहून जास्त फरक पडतो, आणि कड्याच्या वरचं टाकं नकाशावर कड्याच्या खाली जाऊन बसतं. केबलने उतरवलेल्या वेपॉइंटना ही बाधा होत नाही, कारण डेटम बदलल्याने फक्त पडद्यावरचे आकडे बदलतात, आतली नोंद बदलत नाही.